शिक्षण पाठशाळेचं, नाव जगभर : नाण्यांवरून राजांची वंशावळ लावणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

शेत नांगरताना फाळाला मडकं लागलं, घराचा पाया खणताना नाण्यांचं गाडगं निघालं, अशी बातमी आपल्याकडच्या गावांतून अधूनमधून येत असते. पुढं बऱ्याचदा काय होतं ते गावाला माहीत असतं. चार लोकांत वाटणी होते, सोनाराच्या काट्यावर वजन होतं आणि दोन हजार वर्षं मातीत टिकलेली चांदी एका दुपारी मुशीत वितळून जाते. पैसे येतात, खर्च होतात. पण त्या नाण्यावर कुठल्या राजाचं नाव होतं, कुठलं साल होतं, ते कायमचं पुसलं जातं.

दीडशे वर्षांपूर्वी एक माणूस अशीच नाणी मुशीत जायच्या आधी गाठायला देशभर फिरत होता. इंग्रजी शाळा नाही, कॉलेज नाही, पदवी नाही. नाशिकची पांडवलेणी, जुन्नरचा नाणेघाट, नालासोपाऱ्याची टेकडी, या तिन्ही ठिकाणांचा इतिहास वाचायचा तर त्यांचं नाव टाळून पुढं जाता येत नाही. ते म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी. मूळचे सौराष्ट्रातले, पण आयुष्याची कमाई केली ती मुंबईत राहून आणि आपल्या डोंगरदऱ्या तुडवून.

गिरनारच्या पायथ्याचा मुलगा

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढला झाला. घरात संस्कृत आणि वैद्यकी. शिक्षण पाठशाळेतलं. गावाला लागूनच गिरनार पर्वत. त्याच्या वाटेवर एक मोठा खडक आहे. त्या खडकावर सम्राट अशोकाच्या १४ आज्ञा कोरलेल्या आहेत. त्याच खडकावर पुढं रुद्रदामन राजाचा आणि नंतर स्कंदगुप्ताच्या काळातला लेख आहे. म्हणजे एकाच दगडावर तीन वेगवेगळ्या काळांची नोंद.

पण गावात कुणाला ती वाचता येत नव्हती. अक्षरांचं वळण शतकानुशतकं बदलत गेलं आणि जुनी ब्राह्मी लिपी लोक पार विसरून गेले. ती पुन्हा वाचली कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेप या अधिकाऱ्यानं, १८३७ साली. भगवानलाल यांच्या जन्माच्या अवघी दोन वर्षं आधी. प्रिन्सेपनं तयार केलेला अक्षरांचा तक्ता फिरत फिरत जुनागढच्या या पोराच्या हाती आला. तो घेऊन तो खडकापाशी बसू लागला. एकेक अक्षर तक्त्याशी ताडून पाहायचं, जुळलं की लिहून घ्यायचं. छापलेल्या नकलांमध्ये चुका आहेत हेही त्याच्या लक्षात येऊ लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. खडक हाच फळा आणि खडक हाच मास्तर.

भाऊ दाजींकडे मुंबईला

त्या वेळी काठेवाडात किनलॉक फोर्ब्स नावाचे इंग्रज अधिकारी होते. गुजरातच्या जुन्या कथा आणि इतिहास गोळा करणारा हा माणूस. त्यांच्या कानावर या पोराची हुशारी गेली. त्यांनी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांना त्याचं नाव सुचवलं.

भाऊ दाजी म्हणजे मूळचे गोव्याचे, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले. गरिबांना औषध द्यायचे, मुलींच्या शिक्षणासाठी झटायचे, महारोगावर औषध शोधायचे आणि उरलेल्या वेळात जुने शिलालेख आणि नाणी यांचा अभ्यास करायचे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं १८७२ साली उघडलेलं संग्रहालय उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज त्या संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे.

भाऊंना दवाखाना सोडून डोंगर चढायला वेळ नव्हता. त्यांना असा माणूस हवा होता, जो लेण्यांत जाऊन लेखांच्या बिनचूक नकला करून आणेल. साधारण १८६१-६२ च्या सुमारास, बाविशीचे भगवानलाल मुंबईत आले आणि भाऊंच्या कामाला लागले. पुढची बारा वर्षं, १८७४ मध्ये भाऊ वारेपर्यंत, ते त्यांच्याचसाठी फिरत राहिले.

या फिरण्याचा आवाका आज ऐकला तरी थक्क व्हायला होतं. अजिंठा आणि पश्चिम घाटातली लेणी झाली. मग गुजरात, राजपुताना, जैसलमेरचे जैन ग्रंथभांडार, मथुरा, पंजाबच्या पलीकडचा पठाणी मुलूख, ओरिसा आणि नेपाळ. रेल्वे होती तिथवर रेल्वे, पुढं बैलगाडी, घोडं नाहीतर पायी. जाईल तिथं शिलालेखाची नक्कल आणि बाजारात जुनी नाणी दिसली तर त्यांची खरेदी.

त्या काळच्या रीतीप्रमाणे विद्वानांच्या सभेत निबंध वाचला जायचा तो भाऊंच्या नावानं. भगवानलाल हे त्यांचे पंडित, म्हणजे पगारी मदतनीस. नक्कल कुणी केली, डोंगर कुणी चढला, हे बहुतेकांना ठाऊक असायचं, पण छापील पानावर मोठं नाव मालकाचं. तरीही दोघांचं नातं निव्वळ धनी आणि नोकराचं नव्हतं. भगवानलाल यांनी भाऊंना कायम गुरूच्या ठिकाणी मानलं. त्याचा पुरावा त्यांनी शेवटी मृत्युपत्रातच ठेवला. तो पुढं येईल.

नाणेघाटात सापडले आपले आकडे

जुन्नरहून घाटघरच्या पुढं नाणेघाट आहे. सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांवरून देशावर येणारा माल याच वाटेनं चढायचा. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा लेख कोरलेला आहे. कुठले यज्ञ केले आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती गावं, किती नाणी दक्षिणा दिली, याची ती यादी आहे. आज पावसाळ्यात हजारो लोक तिथं फोटो काढायला जातात. त्यातल्या फार थोड्यांची नजर त्या भिंतीकडे वळते.

यादी म्हटली की आकडे आलेच. भगवानलाल यांनी या लेखातले आकडे वेगळे काढून त्यांच्यावर स्वतंत्र अभ्यास छापला. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. चार, सहा, सात, नऊ यांना आपापली चिन्हं. दहाला वेगळं, शंभराला वेगळं आणि हजाराला वेगळं चिन्ह. शून्य अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे दहावर एक शून्य देऊन शंभर करायची सोय नव्हती. जुने आकडे अक्षरांच्या वळणाचे कसे आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. आज आपण मोबाईलवर टाईप करतो त्या आकड्यांचे खापरपणजोबा या घाटात बसलेले आहेत.

याचा नाण्यांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा, की पश्चिम भारतावर तीनशेच्या आसपास वर्षं राज्य करणाऱ्या क्षत्रप राजांनी आपल्या नाण्यांवर साल घातलं होतं आणि ते याच जुन्या पद्धतीच्या आकड्यांत होतं. आकडे वाचता येईनात तर नाणं मुकं. आकडे कळले की नाणं बोलायला लागतं.

नाणं म्हणजे राजाचा फेरफार

क्षत्रपांचं चांदीचं नाणं अगदी लहान असतं. वजन साधारण दोन ग्रॅम. बोटाच्या पेरावर मावेल एवढं. एका बाजूला राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूला मध्ये तीन कमानींचा डोंगर, त्याच्या वर चंद्र आणि सूर्य, खाली नदीची नागमोडी रेघ. भोवती गोल फिरवलेली ब्राह्मी अक्षरं. त्यात राजाचं नाव, त्याची पदवी आणि त्याच्या बापाचं नाव आणि पदवी. राजाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला साल.

विचार करा, केवढी माहिती आहे ही. दुसऱ्या राजांच्या नाण्यांवर फक्त राजाचं नाव असतं. इथं बापाचंही नाव आहे आणि तारीखही आहे. तलाठ्याच्या दप्तरातली वारस नोंद जशी असते तशी ही नोंद. कुणाच्या पश्चात कुणाचं नाव लागलं आणि कोणत्या साली लागलं, ते सगळं चांदीवर ठोकलेलं.

पण वाचायला ती सोपी नव्हती. त्या काळी नाणं हातानं पाडायचे. खाली एक ठसा, मध्ये चांदीची टिकली, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. टिकली ठशापेक्षा लहान असली किंवा घाव तिरका बसला, की कडेची अक्षरं नाण्याबाहेर जायची. एका नाण्यावर नावाचा पहिला भाग उमटायचा, दुसऱ्यावर शेवटचा. म्हणून एका नाण्यानं भागत नाही. एकाच राजाची दहा-वीस नाणी शेजारी मांडून तुकड्याला तुकडा जोडावा लागतो, तेव्हा कुठं पूर्ण ओळ हाती येते.

भगवानलाल यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. सौराष्ट्र, गुजरात आणि आजूबाजूच्या भागातून नाणी गोळा केली, लावली, वाचली. त्यातून एक गमतीची गोष्ट पुढं येते. या घराण्यात गादी सरळ बापाकडून मुलाकडे जात नव्हती. बापानंतर थोरला मुलगा, मग त्याचा धाकटा भाऊ, मग त्याहून धाकटा. भाऊ संपले की मग पुढच्या पिढीची पाळी. रुद्रसिंह राजाचे तीन मुलगे, रुद्रसेन, संघदामन आणि दामसेन, असेच एकामागून एक गादीवर बसले. वडील राजाला महाक्षत्रप म्हणायचे आणि हाताखाली कारभार शिकणाऱ्याला क्षत्रप. कोण कधी क्षत्रप होता आणि कधी महाक्षत्रप झाला, हे नाण्यावरच्या पदवीवरून आणि सालावरून लागतं.

ते साल शक काळाचं. म्हणजे आपल्या पंचांगात आजही छापला जातो तोच शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. एखाद्या पोथीत नाही, पुराणात धड नाही, अशा तीसच्या आसपास राजांच्या घराण्याचा हिशोब या दोन ग्रॅमच्या टिकल्यांनी लावून दिला.

पांडवलेण्यातलं व्याजाचं गणित

नाशिकच्या पांडवलेण्यांवर भगवानलाल यांनी केलेलं काम १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. मुंबई इलाख्याचं गॅझेटियर तयार करणाऱ्या जेम्स कॅम्पबेल साहेबांना जुन्या इतिहासासाठी ज्यांचा आधार होता, त्यात भगवानलाल पुढं होते.

पांडवलेण्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. नहपान हा आधीच्या क्षहरात घराण्यातला क्षत्रप. उषवदातानं साधूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. १,००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याजातून साधूंना वस्त्रं आणि खर्च द्यायचा. आजच्या पतसंस्थेची मुदत ठेव याहून फार वेगळी नाही.

त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सोन्याची नाणी, असाही हिशोब आहे. भागाकार केला की एका सोन्याच्या नाण्याला ३५ चांदीची नाणी हा दर निघतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा सराफ बाजाराचा भाव आपल्याला लेण्याच्या भिंतीवर मिळतो. लेख एकीकडे आणि नाणं दुसरीकडे राहिलं तर हे कळत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या अभ्यासात आली, तेव्हा ती एकमेकांची साक्ष देऊ लागली.

सोपाऱ्याच्या टेकडीत काय निघालं

आजच्या पालघर जिल्ह्यातलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. गावाजवळ एक उंचवटा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. टोपल्या विणणाऱ्या राजाचा हा किल्ला, अशी दंतकथा. भगवानलाल यांनी आकार पाहूनच ओळखलं की हा किल्ला नाही, बौद्ध स्तूप आहे.

एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी कॅम्पबेल आणि ठाण्याचे कलेक्टर यांच्या उपस्थितीत तो मधोमध खोदला. आत विटांच्या कोठडीत दगडाची मोठी गोल पेटी निघाली. पेटीत मध्ये तांब्याचा करंडा आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती बसवलेल्या. करंड्यात करंडा, असे एकात एक बसवलेले तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सगळ्यात आत सोनं. सोन्याच्या करंड्यात काय असावं? मातीच्या भांड्याचे १३ तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते भक्तिभावानं जपून ठेवलेले होते. लोकांना वाटतं पुरलेलं धन म्हणजे सोनंनाणं. इथं सोन्याचा डबा होता आणि धन होतं ती खापरं.

त्यात एक चांदीचं नाणंही होतं, यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं. नाणं झिजलेलं नव्हतं. म्हणजे पाडल्यावर फार हात न फिरता आत ठेवलेलं. त्यावरून करंडा कोणत्या राजवटीत ठेवला असावा याचा अंदाज बांधता आला. मूर्ती पुढच्या काळात ठेवल्या असाव्यात, असं जाणकार मानतात. सांगायचा मुद्दा हा, की एवढ्या ऐवजात तारीख सांगणारी वस्तू एकच होती, ते लहानसं नाणं. ते कुणी आधी उचलून नेलं असतं, तर बाकीचं सगळं असूनही काळ सांगणं अवघड झालं असतं. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही भगवानलाल यांना मिळाला.

इंग्रजी येत नसून जगात मान

भगवानलाल लिहायचे गुजरातीत. इंग्रजीत लिहिण्याइतकं इंग्रजी त्यांना येत नव्हतं. जर्मन पंडित जॉर्ज ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्यांच्या निबंधांची इंग्रजी भाषांतरं करून द्यायचे. नेपाळातले २३ शिलालेख असेच जगापुढं आले. ओरिसातल्या हाथीगुंफेच्या लेखातल्या राजाचं नाव आधीच्या लोकांनी चुकीचं वाचलं होतं. ते खारवेल आहे, हे भगवानलाल यांनी दाखवलं. शाळेच्या पुस्तकात आज खारवेल राजा येतो, तो असा.

हॉलंडमधल्या लेडन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पाठशाळेत शिकलेला, इंग्रजीत दोन पानं न लिहू शकणारा माणूस डॉक्टर भगवानलाल इंद्रजी झाला. पदवी कागदावर मिळते, पण नजर कामानंच तयार होते, एवढं त्यांच्याकडं पाहून पटतं.

भाऊ दाजी गेल्यानंतर मात्र त्यांना कुणा एका धन्याचा आधार राहिला नव्हता. त्याच काळात त्यांनी स्वतःच्या नावानं लिहायला सुरुवात केली आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम त्या १४ वर्षांतच झालं. सातवाहनांची नाणी, गुजरातेत आणि आपल्याकडेही मिळणारी गधैया नाणी, ताम्रपट, लेणी, सोपारा, सगळं त्याच काळातलं. मुक्काम वाळकेश्वरला. घरात पोथ्या, लेखांचे ठसे आणि नाणी.

मृत्युपत्र

१६ मार्च १८८८ रोजी वाळकेश्वरच्या घरी भगवानलाल गेले. वय अवघं ४८. क्षत्रपांच्या नाण्यांवरचा मोठा निबंध हाती होता, तो छापून झालेला नव्हता. गुजरातच्या जुन्या इतिहासाचं कामही अर्धवट होतं.

त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला. त्या भाऊ दाजींच्या पोथ्यांशेजारी ठेवाव्यात, ही इच्छा. नाणी आणि जुन्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला. त्यात मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्षही होता. तांबड्या दगडाचे पाठीला पाठ लावलेले दोन सिंह आणि त्यांच्या अंगभर खरोष्ठी लिपीतला लेख. मथुरेत शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत तो बसवलेला होता. तिथून तो भगवानलाल यांनी मिळवला होता.

नाणी लंडनला का, हा प्रश्न आज वाचणाऱ्याला टोचतोच. आपल्या मातीतली चांदी साता समुद्रापार कशाला? त्याला एक बाजू आहे. मुंबईचं मोठं वस्तुसंग्रहालय, ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, ते लोकांसाठी उघडलं १९२२ साली. भगवानलाल गेले तेव्हा त्याची वीटही रचलेली नव्हती. लंडनला नाण्यांचं स्वतंत्र खातं होतं, नाण्यागणिक नोंद ठेवणारे माणसं होती. दुसरी बाजूही तितकीच खरी. जुनागढच्या किंवा नाशिकच्या मुलाला ती नाणी हातात घेऊन पाहायची तर आज विमानाचं तिकीट काढावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही.

लंडनमध्ये त्या वेळी नाण्यांच्या खात्यात एडवर्ड रॅप्सन नावाचा तरुण नुकताच १८८७ साली लागला होता. भगवानलाल यांचा क्षत्रपांवरचा अर्धवट निबंध त्यानं नीट लावून १८९० मध्ये भगवानलाल यांच्याच नावानं छापला. पुढं १९०८ साली रॅप्सननं सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांची मोठी सूची काढली. प्रत्येक नाण्याचं वजन, माप, अक्षरं, कुठून आलं, सगळं नोंदलेलं. आजही या नाण्यांवर काम करणारा माणूस त्या सूचीपासूनच सुरुवात करतो आणि त्या सूचीचा पाया भगवानलाल यांच्या संग्रहावर उभा आहे. गुजरातच्या इतिहासाचं अर्धं काम १८९६ मध्ये गॅझेटियरमध्ये आलं. ते पुरं करणाऱ्यांत ए. एम. टी. जॅक्सन होते. हेच पुढं नाशिकचे कलेक्टर झाले आणि १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले.

जोगलटेंभीचा हंडा

भगवानलाल गेल्यावर १८ वर्षांनी, १९०६ साली, नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. नाणी थोडीथोडकी नव्हती, तेरा हजारांहून जास्त. सगळी चांदीची, सगळी त्याच नहपान राजाची. आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या तोंडावरच गौतमीपुत्राची खूण.

गौतमीपुत्रानं क्षहरातांचा पाडाव केला, असं त्याची आई बलश्री हिनं नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यात कोरून ठेवलं आहे. पण आई मुलाची स्तुती करणारच, असं म्हणायला जागा होती. जोगलटेंभीच्या नाण्यांनी ती जागा ठेवली नाही. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजानं आपला करून पुन्हा बाजारात सोडला, हे हजारो नाण्यांवर डोळ्यांनी दिसलं. हा ठेवा जर तेव्हा सगळाच्या सगळा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर महाराष्ट्राच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा पुरावा पाटल्या-बांगड्या होऊन गेला असता.

शेतात नाणी निघाली तर

भगवानलाल हयात असतानाच, १८७८ साली, पुरलेल्या धनाचा कायदा आला. तो आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज जमिनीत सापडला, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. लोकांना वाटतं, कळवलं की सरकार सगळं घेऊन जाणार आणि हाती काहीच येणार नाही. कायदा तसं म्हणत नाही. ऐवजाला वारस निघाला नाही तर सापडणाऱ्याचा आणि जमीन मालकाचा हक्क त्यात सांगितलेला आहे. दोघं वेगळे असतील आणि त्यांच्यात दुसरं काही ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा. सरकारनं ऐवज संग्रहालयासाठी घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर मात्र हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते.

नाणी निघाली तर ती घासूनपुसून चकाचक करू नयेत. चिंच, राख, लिंबू लावलं की मळाबरोबर अक्षरंही जातात. मडकं फुटलं असलं तरी त्याची खापरं टाकू नयेत. सगळी नाणी एकत्र ठेवावीत, कारण कोणतं नाणं कोणत्या नाण्याबरोबर निघालं यातच अर्धी माहिती असते. कुठं निघालं, किती खोल निघालं, ते लिहून ठेवावं. आता तर खिशात मोबाईल आहे, जागेवरच फोटो काढता येतो. भगवानलाल यांना प्रत्येक अक्षर हातानं उतरवून घ्यावं लागलं होतं.

त्यांचा पुतळा आपल्याकडे कुठं चौकात दिसत नाही. मुंबईत एशियाटिक सोसायटीत त्यांच्या पोथ्या आहेत, सोपाऱ्याचा करंडा आहे. लंडनच्या म्युझियममध्ये मथुरेचे सिंह आणि नाणी आहेत. आणि नाणेघाटाची भिंत, पांडवलेण्याच्या ओसऱ्या जिथल्या तिथं आहेत, तिकीट न काढता किंवा थोड्या पैशांत पाहता येणाऱ्या. पुढच्या वेळी तिकडं जाणं झालं, तर धबधब्याचा फोटो झाल्यावर दोन मिनिटं त्या अक्षरांपुढं उभं राहायला हरकत नाही.